आबालसुबोध आणि गुंफण : ज्ञानेश्वरीच्या रचनेतील श्रोतृविचार

ज्ञानेश्वरीविषयी दोन विधाने मराठी समीक्षेत इतकी रूढ झाली आहेत, की त्यांचा परस्परसंबंध तपासण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. पहिले विधान असे, की संस्कृताच्या कड्याकुलपात असलेला गीतार्थ ज्ञानदेवांनी देशी भाषेत आणून सर्वसामान्यांस खुला केला. दुसरे असे, की दृष्टान्तांच्या विपुलतेत आणि शब्दकळेच्या सौंदर्यात ह्या ग्रंथाला मराठीत तोड नाही. पहिले विधान लोकोद्धाराच्या प्रकरणात येते, दुसरे काव्यगुणांच्या प्रकरणात. आणि बहुतेक ग्रंथांत ह्या दोन प्रकरणांच्या मध्ये एक कोरे पान असते. ते कोरे पान ओलांडून दोन्ही विधाने शेजारी ठेवली, की एक प्रश्न उपस्थित होतो. जो ग्रंथ शास्त्राचा गंध नसलेल्या श्रोत्यासाठी रचला गेला, त्यात इतके अलंकरण कशासाठी? आणि जो इतका अलंकृत आहे, तो त्या श्रोत्यास सुलभ कसा?

ह्या प्रश्नाचे एक सोपे उत्तर दिले जाते. अलंकार म्हणजे कडू औषधावरचा साखरेचा लेप, असे ते उत्तर. ते स्वीकारले तर अलंकार काढून टाकल्यास अर्थ तसाच राहील, किंबहुना अधिक स्पष्ट होईल, असे मानावे लागते. ज्ञानेश्वरीचे गद्य सारांश ज्यांनी वाचले आहेत, त्यांचा अनुभव ह्याच्या उलट आहे. सारांशात सिद्धान्त राहतो, पण तो गीतेवरील इतर दहा भाष्यांतल्या सिद्धान्तासारखाच दिसू लागतो; आणि नवशिक्या वाचकाला तो मूळ ओवीपेक्षा अधिक दुर्बोध वाटतो. तेव्हा अलंकार आणि सुलभता ह्यांचे नाते लेप आणि औषध ह्यांचे नाही, हे उघड आहे. ते कोणते आहे, हे ग्रंथाच्या रचनेतूनच शोधले पाहिजे.

प्रश्न जुना असला तरी शिळा झालेला नाही. संगणकाच्या पडद्यावर संकेतस्थळाची मांडणी करणाऱ्यांमध्ये हाच वाद आज वेगळ्या परिभाषेत चालतो. एका पक्षाचे म्हणणे, की दृष्टी अधू असलेल्या, जुने यंत्र वापरणाऱ्या किंवा वाचनाचा सराव नसलेल्या माणसासही मजकूर विनासायास मिळाला पाहिजे. दुसऱ्याचे म्हणणे, की कल्पक रचनेवाचून पृष्ठाला व्यक्तित्व उरत नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ह्या संस्थेने १९९९ साली सुगम्यतेचे जे पहिले मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले, त्यांत सजावटीची शैलीपत्रके बाजूला काढली तरी मजकूर वाचता यावा, अशी एक अपेक्षा नोंदविलेली आहे. ही अपेक्षा येथे मुद्दाम सांगितली आहे, कारण तिच्याशी जुळणारा विचार अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ग्रंथात, ग्रंथकाराच्याच शब्दांत सापडतो.

नेवाशाच्या स्थळाचा विचार येथे थोडा करावयास हवा. प्रवरेच्या काठचे हे गाव. ग्रंथाच्या अखेरीस गोदावरीच्या दक्षिण तीराचा, पंचक्रोश क्षेत्राचा आणि यादव राजा रामचंद्राचा उल्लेख आहे. सच्चिदानंदबाबा लेखक झाले, असेही नोंदविलेले आहे. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ग्रंथ सांगितला अशी श्रद्धा आहे, तो ‘पैस’ नावाने प्रसिद्ध आहे, आणि दुर्गा भागवत ह्यांच्या १९७० सालच्या लेखसंग्रहाने त्या नावाला साहित्यातही स्थान दिले. त्या खांबावर कोरलेला लेख संस्कृत आहे. करवीरेश्वराच्या देवस्थानाला दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची तो नोंद करतो. दान कायम राहावे म्हणून ते संस्कृतात कोरले गेले, आणि त्याच खांबाशी बसून सांगितलेला ग्रंथ मात्र बोलीत उच्चारला गेला. ‘सांगितला’ हे क्रियापद येथे महत्त्वाचे आहे. ज्ञानेश्वरी ही प्रथम ऐकण्यासाठी आहे. तिच्यातील श्रोते नाममात्र नाहीत. ते मध्येच बोलतात, स्तुती पुरे म्हणून ज्ञानदेवांना पुढे जावयास सांगतात, आणि ज्ञानदेव विषयांतराबद्दल त्यांची क्षमा मागतात. श्रोत्यांचे असे अस्तित्व गृहीत धरूनच रचनेची प्रत्येक निवड झालेली आहे.

पहिली निवड छंदाची. चालुक्य राजा सोमेश्वर ह्याच्या ‘मानसोल्लास’ ह्या बाराव्या शतकातील ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गात असल्याचा उल्लेख आहे. म्हणजे ज्ञानदेवांच्या पूर्वी दीडशे वर्षे तरी हा छंद उखळाजवळचा, श्रमाचा आणि स्त्रियांचा होता. ज्याला तत्त्वज्ञानाची ओळख नाही त्याच्या कानाला ह्या छंदाची ओळख होती. साडेतीन चरणांचा हा लहानसा बंध, तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड; ऐकणाऱ्याला प्रत्येक ओवीच्या शेवटी श्वास घेण्यास जागा मिळते. संस्कृत वृत्तांचा अभ्यास असलेल्या कवीने हा छंद निवडला, ह्यातच त्याचा श्रोतृविचार दिसतो. पण येथेच थांबले तर ज्ञानदेवांनी केवळ एक लोकप्रिय वाहन वापरले, एवढेच सिद्ध होईल. त्यांनी त्या वाहनाचे काय केले, हे अधिक विचारार्ह आहे.

अठराव्या अध्यायाच्या शेवटी ग्रंथरचनेचा हेतू सांगताना ज्ञानदेव आपल्या ओवीप्रबंधाला ‘आबालसुबोध’ असे विशेषण लावतात, आणि त्याच ओवीत अक्षरे गुंफल्याचेही सांगतात. लहान मुलालाही कळावे आणि गुंफण व्हावी, ह्या दोन गोष्टी एकाच श्वासात आल्या आहेत. त्यांत विरोध असल्याची शंकासुद्धा तेथे नाही. त्याच्या लगतच्या ओव्यांत ही ओवी गायली तर गाण्याला शोभा आणते, आणि न गाता म्हटली तरी उणी पडत नाही, असे प्रतिपादन आहे. दाखल्यादाखल तीन प्रतिमा येतात. सुंदर अंगावर दागिना नसला तरी ते मोकळे रूपही शृंगारच ठरते. मोत्यांनी सोन्याला मान मिळतो, पण ती सुटी असली तरी आपल्या तेजाने शोभतात. आणि वसंतातील मोगऱ्याची फुले गुंफलेली असोत की मोकळी, सुगंधात कमी होत नाहीत. ज्ञानदेवांच्या काव्यविचाराचा शोध घेताना अभ्यासक अमृताशी पैज लावणाऱ्या सहाव्या अध्यायातील प्रतिज्ञेकडे धाव घेतात. ती प्रतिज्ञा उत्तुंग आहे खरी, पण रचनेचे तत्त्व ह्या मोगऱ्याच्या ओवीत आहे. सजावट असावी, पण तिच्यावाचून अडू नये. सजावट काढली तर मागे राहील ते स्वतःच्या गुणावर उभे राहील असे असावे. सात शतकांनंतर शैलीपत्रकांविषयी जी अपेक्षा नोंदविली गेली, ती ह्याहून फारशी वेगळी नाही. फरक इतकाच, की तेथे ती निकष म्हणून आली, येथे आत्मविश्वास म्हणून.

दहाव्या अध्यायात हाच विचार अर्थाच्या पातळीवर नेलेला आहे. मूळ संस्कृत आणि वरची मराठी नीट वाचून अभिप्राय मनाला पटला, तर कोणते मूळ आणि कोणते विवरण हे ओळखू येणार नाही. अंगाच्या सौंदर्यामुळे अंगच दागिन्याचा दागिना होते, आणि कोणी कोणाला शोभविले हे सांगता येत नाही. अलंकार हा वरून चढविलेला भाग आहे, ही लेपाची कल्पना येथे ग्रंथकारानेच नाकारली आहे.

आता दृष्टान्तांकडे वळावे. बाराव्या अध्यायात शत्रू आणि मित्र ह्यांच्याशी सम असणाऱ्या भक्ताचे वर्णन करणारा श्लोक आहे. मूळ गीतेत तो अर्ध्या ओळीचा मामला. ज्ञानदेव प्रथम दिव्याची गोष्ट सांगतात: घरच्यांना उजेड द्यावा आणि परक्यांना अंधार, हे दिव्याला ठाऊक नसते. मग झाडाची: घाव घालणारा आणि लावणारा, दोघांना त्याची सावली एकच. मग उसाची: पाळणाऱ्याला गोड आणि गाळणाऱ्याला कडू, असे तो करीत नाही. ह्या तिन्हींनंतर ‘तैसा’ म्हणून भक्त येतो. येथे तीन दृष्टान्त कशासाठी, असे विचारता येईल. एकाने काम भागले नसते काय? बारकाईने पाहिले तर तिन्ही एकच गोष्ट सांगत नाहीत. दिवा अजाणतेपणाने सम आहे. झाड दुखापत सोसून सम आहे. ऊस तर पिळून नष्ट होत असतानाही सम आहे. समत्वाची किंमत पायरीपायरीने वाढत जाते, आणि ‘तैसा’ हा शब्द येईपर्यंत श्रोत्याने ती मनात चढून पार केलेली असते. तत्त्वज्ञानाची परिभाषा एकही न वापरता समत्व ह्या कल्पनेचे हे सूक्ष्म पृथक्करण आहे. पंडिताला ते पृथक्करण म्हणून जाणवेल, शेतकऱ्याला तीन ओळखीच्या वस्तू म्हणून. (प्रवरेच्या ह्याच खोऱ्यात १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, उसाच्या दृष्टान्ताला ह्या भागात तरी टीपेची गरज पडू नये.) दृष्टान्त येथे अर्थाकडे जाण्याचा रस्ता आहे, आणि रस्ता सुंदर आहे म्हणून तो लांबचा होत नाही.

ह्याच पद्धतीचे अधिक गुंतागुंतीचे रूप ग्रंथारंभीच्या गणेशवर्णनात आहे. शब्दब्रह्म हा गणेश. वेद त्याची मूर्ती, स्मृती अवयव, अठरा पुराणे रत्नालंकार, आणि सहा दर्शने त्याचे सहा हात. ह्या रूपकाचा पूर्ण उलगडा होण्यास षड्दर्शनांची चांगली ओळख लागते, आणि कोणत्या हातात कोणते आयुध का, ह्यावर टीकाकारांनी पाने भरली आहेत. पण ज्याला दर्शनांची नावेही ठाऊक नाहीत त्याच्या हाती काहीच लागत नाही असे नाही. त्याला गणपती दिसतो. परिचित देवता, परिचित अवयव, दागिने, आयुधे. त्या चित्राच्या आधाराने त्याला एवढे नक्की कळते, की सगळी विद्या मिळून एकच देह आहे. एकाच ओवीत दोन श्रोत्यांसाठी दोन उंचीची दारे ठेवण्याचे हे कौशल्य मराठीत पुन्हा क्वचितच दिसते.

येथवरचे विवेचन ज्ञानदेवांच्या पक्षाला सोयीचे आहे. त्याला छेद देणारा पुरावा ग्रंथातच आहे, आणि तो टाळून जाणे योग्य होणार नाही. सहाव्या अध्यायाच्या प्रारंभी, शब्दांच्या रसाळपणासाठी इंद्रियांमध्ये कलह माजतो ह्या प्रसिद्ध वर्णनानंतर लगेच, ज्ञानदेव एक वेगळा सूर लावतात. कावळा जसा चंद्राला ओळखीत नाही तसा प्राकृत जन हा ग्रंथ जाणणार नाहीत. चंद्र हे चकोराचेच खाद्य. ज्ञानी माणसाला येथे ठाव आहे, अज्ञान्याला हे परके गाव. आबालसुबोधतेची ग्वाही देणारा कवी सामान्यांना कावळ्याची उपमा देतो, ह्याचा मेळ कसा घालावा? भक्तिभावाने लिहिणारे ह्या ओव्या नम्रतेच्या किंवा संतस्तुतीच्या खाती टाकतात. ते समाधानकारक नाही, कारण ह्या ओव्यांतील विधान स्पष्ट आहे. कालांतराने कवीचे मत बदलले, असे म्हणण्यासही आधार नाही.

उत्तराची दिशा अठराव्या अध्यायाच्या आरंभीच्या प्रासादरूपकात मिळते. व्यास हा कुशल शिल्पी. वेदरत्नांच्या पर्वतावर त्याने गीतेचे देऊळ उभारले. पंधराव्या अध्यायापर्यंत त्याचे मजले, सोळावा शिखराखालची ग्रीवा, सतरावा कळसाची बैठक आणि अठरावा कळस. इथपर्यंतचे रूपक कोणत्याही चांगल्या कवीला सुचले असते. विशेष आहे ते पुढचे. ह्या देवळाकडे येणारी माणसे ज्ञानदेव वेगवेगळी दाखवितात. कोणी जपाने बाहेरून प्रदक्षिणा घालतात. कोणी ऐकण्याच्या निमित्ताने त्याच्या सावलीत बसतात. कोणी अवधानाचा विडा घेऊन अर्थज्ञानाच्या गाभाऱ्यात शिरतात. ह्या शेवटच्यांना आत आत्मरूप श्रीहरी कडकडून भेटतो. तरीही मोक्षाच्या बाबतीत सर्वांची बरोबरी आहे. श्रीमंताच्या पंगतीत वरच्या आणि खालच्या पानांवर पक्वान्न एकच वाढले जाते, तसे.

हे रूपक गीतेविषयी आहे, ज्ञानेश्वरीविषयी नाही, असा आक्षेप येईल आणि तो नियमाला धरून आहे. परंतु रचनाकाराने दुसऱ्याच्या वास्तूत जे गुण पाहिले ते त्याच्या स्वतःच्या बांधणीत आढळतात की नाही, हे तपासता येते. आणि ते आढळतात. सहावा अध्याय हा गाभाऱ्याच्या बाजूचा भाग आहे. तेथे कुंडलिनीचा विषय येणार आहे, आणि तो सर्वांना सारखाच कळेल असा खोटा दिलासा देण्याचे कवीने नाकारले आहे. मात्र विषय अवघड आहे म्हणून त्याने दार लावून घेतलेले नाही. झोपलेल्या कुंडलिनीसाठी त्याने निवडलेली प्रतिमा, कुंकवात न्हालेल्या आणि वेटोळे करून निजलेल्या नागाच्या पिलाची, योगाचे अक्षरही न कळणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर उभी राहते. त्याला योग कळत नाही. पण आत काहीतरी जिवंत, लहान, भयंकर आणि सुंदर निजलेले आहे एवढे कळते. सावलीत बसणाऱ्याला एवढे मिळणे थोडे नाही. म्हणजे ‘सर्वांसाठी’ ह्याचा अर्थ ज्ञानदेवांच्या लेखी ‘सर्वांना सारख्या खोलीपर्यंत’ असा नव्हता. कोणालाही रित्या हाताने परत जावे लागू नये, असा होता. वेद संपन्न असला तरी तो कृपण, कारण तीन वर्णांच्याच कानी लागला. ते उणे फेडण्यासाठी तोच गीता होऊन आला, हे अठराव्या अध्यायातील निर्भीड विधान ह्याच संदर्भात वाचले पाहिजे. कृपणपणा संपविण्यासाठी संपत्ती कमी करावी लागते, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

ह्या रचनेचे वैशिष्ट्य तुलनेने अधिक स्पष्ट होईल, आणि तुलनेसाठी जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. नेवाशाला लागून असलेल्या राहुरी तालुक्यात ताहराबाद हे महिपतीचे गाव. इसवी सन १७१५ ते १७९० हा त्याचा काळ. ‘भक्तविजय’ १७६२ मध्ये आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४ मध्ये पूर्ण झाले. गावचे कुळकर्णीपण सांभाळणाऱ्या ह्या कवीने संतचरित्रे अशा ओवीत लिहिली, की ऐकणाऱ्याला कोठे अडखळण्याचा प्रसंगच येऊ नये. त्याची ओवी ज्ञानदेवांच्या ओवीपेक्षा लांब, सैल आणि गद्याला जवळची आहे. कथा पुढे सरकते, संवाद घडतात, चमत्कार होतो, अध्याय संपतो. ह्या ओवीला प्रासादिक म्हणण्याची प्रथा आहे, आणि ती सार्थ आहे. घरोघरी पोथी म्हणून जो मान तिला मिळाला तो तिच्या ह्याच गुणामुळे. पण महिपतीच्या वास्तूला दार एकच आहे. आत शिरलेल्या प्रत्येकाला एकच खोली दिसते, पहिल्या वाचनात जेवढी दिसली तेवढीच दहाव्या वाचनात. हा दोष म्हणून सांगितलेला नाही. कथा ऐकावयास आलेल्या श्रोत्याला गाभारा नको असतो, त्याला ओसरी हवी असते, आणि महिपतीने ओसरी ऐसपैस बांधली. मात्र सुलभतेचा हा एकमेव नमुना आहे असे धरून ज्ञानेश्वरीला ‘सामान्यांसाठी फार अवघड’ ठरविणे, किंवा उलट ज्ञानेश्वरीची मोजपट्टी लावून महिपतीला सामान्य कवी ठरविणे, ह्या दोन्ही गोष्टी अन्यायाच्या आहेत, आणि दोन्ही समीक्षेत घडलेल्या आहेत.

तिसरा मार्ग गोव्यात दिसतो. फादर स्टीफन्स ह्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांसाठी रचलेल्या ह्या ओवीबद्ध ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत जुन्या कवींचे अवघड शब्द सोडून ब्राह्मणांच्या बोलीतील, म्हणजे तेथील कोकणीतील, सोपे शब्द मिसळल्याचे ग्रंथकाराने नमूद केले आहे. येथे श्रोत्याची सोय शब्दसंग्रहाच्या पातळीवर पाहिलेली आहे. ज्ञानदेवांनी ती प्रतिमेच्या पातळीवर पाहिली. शब्द काळाबरोबर जुने होतात, दिवा आणि झाड तितक्या लवकर होत नाहीत. ज्ञानेश्वरीतील शब्द आज कोशाशिवाय कळत नसताही तिचे दृष्टान्त कळतात, ह्याचे कारण हेच असावे.

ज्ञानदेवांचा तोल सर्वत्र सारखा टिकला आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांचे विवरण करताना एकेका पदावर दृष्टान्तांचा इतका भार पडतो, की मूळ पद कोणते होते हे वाचकाला मागे जाऊन पाहावे लागते. अहिंसेचे विवरण ह्याचे ठळक उदाहरण. त्यातील काही चित्रे अत्यंत कोवळी आहेत. पण एकूण विस्तार श्रोत्याच्या स्मरणशक्तीला पेलणारा नाही. बाराव्या अध्यायातील तीन दृष्टान्त चढत्या पायऱ्या होते. येथे पुष्कळ ठिकाणी ते एकाच पायरीवर शेजारी शेजारी उभे राहतात. कवीलाही ह्याची जाणीव असावी. विस्ताराबद्दल श्रोत्यांची समजूत घालण्याचे प्रयोजन उगाच पडत नाही. गीतेचे ७०० श्लोक आणि रूढ प्रतीतील ९०३३ ओव्या हे प्रमाण पाहिले तर एका श्लोकाला सरासरी तेरा ओव्या येतात. ही सरासरी फसवी आहे, आणि तिच्यातील चढउतार हाच रचनेच्या यशापयशाचा खरा नकाशा आहे. श्लोकवार ओव्या मोजून ह्या चढउतारांचा पद्धतशीर अभ्यास करण्याजोगा आहे.

‘अमृतानुभव’ ह्या त्यांच्या दुसऱ्या ग्रंथाचा उल्लेख येथे ओझरता पुरेसा आहे. सुमारे आठशे ओव्यांच्या ह्या स्वतंत्र ग्रंथात श्लोकाचा आधार नाही, आणि सभाही वेगळी, लहान आणि तयारीची आहे. तेथे दृष्टान्त आहेत, पण ते सावली देण्यासाठी नाहीत. सिद्धान्ताच्या कसोटीसाठी आहेत. एकाच कवीने दोन सभांसाठी दोन प्रकारची बांधणी केली, ह्यावरून ज्ञानेश्वरीतील अलंकरण हा केवळ स्वभावाचा ओघ नव्हता, हे दिसते.

प्रश्नाची एक बाजू अजून राहिली, ती पानाची. हस्तलिखित पोथीत अक्षरे सलग लिहिलेली असत. शब्द तोडलेले नसत. ती पोथी ज्याला वाचता येत होती तो एक, आणि ऐकणारे पुष्कळ. पानाची अडचण वाचकाच्या आवाजात विरून जाई. पाठभेदांनी मलिन झालेल्या ग्रंथाचे शुद्धीकरण एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये केले, आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात ठेवलेली करवंटी समजावी, असे बजावले. ते करताना जुन्या शब्दांच्या जागी सुबोध शब्द कितपत आले, हा राजवाडे ह्यांनी १९०९ मध्ये आपली प्रत प्रसिद्ध केल्यापासून चाललेला वाद आहे. बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापली, आणि त्यानंतर हळूहळू एकट्याने, डोळ्यांनी वाचणारा वाचक पुढे आला. त्याच्या सोयीसाठी सार्थ आवृत्त्या निघाल्या, शं. वा. दांडेकर ह्यांची १९५३ सालची आवृत्ती त्यांतील सर्वांत परिचितांपैकी एक.

सार्थ आवृत्तीने केलेले काम मोठे आहे, त्याविषयी दुमत नाही. परंतु ओवीखाली लगेच तिचा अर्थ, मग पुढची ओवी, मग तिचा अर्थ, ही जी पानाची रचना रूढ झाली, तिचा परिणाम तपासण्याजोगा आहे. ज्ञानेश्वरीतील अर्थाचे एकक पुष्कळदा एक ओवी नसते. ‘जैसे’, ‘कां’, ‘नातरी’ असे म्हणत चार-पाच ओव्या चालत येतात आणि ‘तैसे’ म्हटल्यावर वाक्य पुरे होते. वर सांगितलेल्या दिवा, झाड आणि ऊस ह्यांच्या ओव्या अशा पानावर एकमेकींपासून गद्याने विभागल्या जातात. पायऱ्या सुट्या होतात. प्रत्येक ओवी कळते, आणि चढण हरवते. सुलभ करण्याच्या हेतूने केलेल्या मांडणीने ज्या साधनाने ग्रंथ सुलभ झाला होता तेच मोडावे, असा हा प्रकार आहे. पारायणात, जेथे व्यासपीठावरून ओव्या सलग म्हटल्या जातात, ही अडचण येत नाही. तेथे अर्थ कमी कळतो पण ओघ राहतो. अर्थासह घरी वाचणारा आणि सप्ताहात बसणारा, ह्या दोघांच्या हाती एकाच ग्रंथाचे दोन वेगळे अर्धे भाग येतात.

संगणकाच्या पडद्याने ह्या बाबतीत नवी शक्यता निर्माण केली आणि जुन्या चुकाही नव्याने केल्या. युनिकोड रूढ होण्यापूर्वी पुष्कळ मराठी मजकूर विशिष्ट टंकाशी जखडलेला असे. तो टंक वाचकाच्या यंत्रावर नसला की रोमन अक्षरांचा निरर्थक पसारा दिसे. दुसरी चूक आजही आढळते: वेलबुट्टीच्या चौकटीत सुंदर वळणाची ओवी चित्र म्हणून ठेवली जाते. ती डोळसाला शोभिवंत दिसते. पण दृष्टिहीन वाचकासाठी पडदा वाचून दाखविणाऱ्या यंत्रणेच्या दृष्टीने तेथे अक्षरच नसते, शोध घेणाऱ्याला ती सापडत नाही, लहान पडद्यावर ती मोठी करता येत नाही. जो ग्रंथ मुळात कानांसाठी होता तो ज्याला केवळ कानांचाच आधार आहे त्याच्यापुरता मुका होतो. गुंफण राहिली, मोगरा गेला. मराठी विकिस्रोतासारख्या ठिकाणी ज्ञानेश्वरीची संहिता साध्या अक्षरांत उपलब्ध आहे. तेथे सजावट नाही, परंतु ती ऐकता येते, शोधता येते, उतरवून घेता येते.

ह्या दोहोंमध्ये जे व्हावयास हवे ते तांत्रिक दृष्ट्या अवघड नाही. ओव्या सलग दिसाव्यात, दृष्टान्ताच्या आरंभापासून ‘तैसे’ येईपर्यंतचा गट एकत्र राहावा, आणि अर्थ, शब्दकोश, पाठभेद हे मागितल्यावर त्या गटापाशीच उघडावेत. सावलीत बसणाऱ्याने ते मागू नयेत, गाभाऱ्यात जाणाऱ्याने मागावेत. छापील पानाला हे साधणे कठीण होते, कारण तेथे जे आहे ते सर्वांसमोर एकदमच असते. मात्र असे गट पाडावयाचे तर आधी कोणीतरी नऊ हजार ओव्या वाचून प्रत्येक दृष्टान्तमाला कोठे सुरू होते आणि कोठे संपते, ह्याच्या खुणा केल्या पाहिजेत; आणि राजवाडे प्रत व एकनाथी परंपरेची प्रत ह्यांत ओव्यांचा क्रम व संख्या जुळत नसल्यामुळे त्या खुणा दोन्ही प्रतींवर स्वतंत्रपणे कराव्या लागतील. हे काम मराठीच्या अभ्यासकाचे आहे, संगणकतज्ज्ञाचे नव्हे. त्याची सुरुवात बाराव्या अध्यायापासून करणे सोयीचे. तो सर्वांत लहान अध्यायांपैकी एक आहे, आणि त्यातील साखळ्या तुटलेल्या नाहीत.